एका माणसाची पाने

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीच्या कडेला थोडी जागा कोरी ठेवलेली असते. बालकाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता, संस्कार देणारा धर्मगुरू, एवढे लिहिले की नोंद पुरी होते. कडेची ती कोरी जागा मात्र वीस-पंचवीस वर्षे वाट पाहत राहते. त्या बालकाचे पुढे दृढीकरण झाले, विवाह झाला, गुरुदीक्षा झाली किंवा त्याने व्रतस्थ जीवनाची अखेरची वचने घेतली, की ज्या धर्मग्रामात ते घडले तेथून पत्र येते आणि त्या जागेत एक ओळ भर पडते. विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत करावी हा दंडक १९०७ सालच्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने घातला, १९०८ च्या ईस्टरपासून तो अमलात आला आणि आजच्या कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमातही तो कायम आहे. माणूस नोकरीसाठी कोठेही जावो, चार धर्मप्रांत पालथे घालो, त्याच्या आयुष्याचे धागे परत त्याच एका ओळीपाशी येऊन बांधले जातात. ज्याचे एकदा लग्न झाले आहे त्याने दुसऱ्या गावी जाऊन अविवाहित म्हणून उभे राहू नये, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. ख्रिस्तसभेने हे काम संगणकाच्या कितीतरी आधी हाती घेतले होते, हे येथे नमूद करून ठेवतो.

रुग्णालयाच्या दप्तराला अशी कोरी कड नसते. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक केसपेपर निघतो, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दुसरा, मुंबईच्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तिसरा, आणि मधल्या काळात एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये चार दिवस काढले असतील तर तेथला चौथा. ‘जुना केसपेपर आणला नाही का?’ या खिडकीवरच्या प्रश्नाला ‘घरी राहिला’ असे उत्तर मिळाले की नवा कागद आणि नवा क्रमांक मिळतो, आणि त्या क्षणी माणूसही नवा होतो. त्याला कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या, पूर्वी छातीच्या विकारासाठी किती महिने गोळ्या घेतल्या होत्या, हे सारे मागच्या कागदाबरोबर घरी पेटीत राहते.

या विखुरलेल्या पानांची एक वही बांधावी की बांधू नये? बांधायची तर हे पान आणि ते पान एकाच माणसाचे आहे हे कोणी ठरवायचे? आणि बांधलेली वही कोणी उघडायची? हे प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतात. आमच्या मते ते नीतीचे प्रश्न आहेत, आणि आपल्या कुटुंबांना ते आता टाळता येणार नाहीत.

या कामाला शास्त्रीय नाव मिळून आता ऐंशी वर्षे होत आली. अमेरिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या आकडेवारीचे प्रमुख हॅलबर्ट डन यांनी १९४६ साली एका लहानशा लेखात ही कल्पना मांडली. प्रत्येक माणूस जन्मापासून मृत्यूपर्यंत आपले एक पुस्तक लिहीत असतो. त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत पडलेली असतात. ती एकत्र शिवणे म्हणजे नोंदींची जोडणी, असा त्या लेखाचा आशय. त्या पुस्तकाला डन यांनी दिलेले नाव वाचून आम्ही थबकलो, कारण ते ‘जीवनाचे पुस्तक’ असे आहे. प्रकटीकरणाच्या ग्रंथात ज्या पुस्तकाचा उल्लेख येतो त्याचे हेच नाव. त्या पुस्तकाचा लेखक आणि वाचक एकच आहे आणि तो चुकत नाही. डन यांचे पुस्तक मात्र कारकुनांनी लिहायचे, कारकुनांनी शिवायचे आणि कोणी वाचायचे हे सरकारने ठरवायचे. नाव तेच ठेवले म्हणून अधिकारही तोच येत नाही.

पुढे १९५९ साली हॉवर्ड न्यूकोम या कॅनडातील शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह हेच काम संगणकाकडून करून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाहांच्या नोंदी आणि त्या दांपत्यांच्या मुलांच्या जन्मनोंदी त्यांनी एकमेकींशी जुळवल्या. त्यातील एक युक्ती मोठी मार्मिक आहे. दोन कागदांवरील आडनाव सारखे निघाले, तर त्या सारखेपणाचे वजन आडनाव किती दुर्मिळ आहे यावर ठरवावे. वाचकांना हे समजायला गणित लागणार नाही. वसईच्या पट्ट्यात दोन केसपेपरांवर ‘डिसोजा’ हे आडनाव जुळले तर त्यावरून जवळपास काहीच सिद्ध होत नाही. तेच गडचिरोलीच्या एखाद्या रुग्णालयात जुळले तर तो बराच मोठा पुरावा ठरतो. पुरावा तोच, पण गाव बदलले की त्याचे मोल बदलते. तीच गोष्ट जन्मतारखेची. महाराष्ट्रात ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो अशी वडीलधारी माणसे किती आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, आणि ती माणसे आयुष्यभर एकाच दिवशी जन्मलेली राहिली.

आपल्या नावांचा घोळ तर विचारूच नये. घरी ‘बस्त्याव’, शाळेत ‘सबॅस्टियन’, रुग्णालयाच्या खिडकीवर ‘सेबेस्टिन’. ‘इनास’ आणि ‘इग्नेशियस’ एकच, हे परक्या कारकुनाने कसे ओळखावे? इंग्रजी लिपीत लिहिलेल्या नावांतील असा घोळ सोडवण्यासाठी रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उच्चाराने जवळ असलेल्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा, अशी ती पद्धत. तिच्या आजच्या रूपात जे, एस आणि झेड एकाच गटात पडतात, म्हणून ‘डिसोजा’ आणि ‘डिसोझा’ यांचा भेद मिटतो. ‘लोपेस’ आणि ‘लोपेझ’ही एक होतात. पण पहिले अक्षर तसेच ठेवायचे असल्यामुळे एक्सने लिहिलेला झेवियर आणि झेडने लिहिलेला झेवियर मात्र दोन माणसे राहतात. यंत्राची बुद्धी अशी एका अक्षरावर अडते.

यात सर्वांत जास्त सोसावे लागते ते आपल्या भगिनींना. पुरुषाचे मधले नाव आणि आडनाव जन्मभर टिकते. स्त्रीचे लग्नाच्या दिवशी दोन्ही बदलते. तिच्या बालपणीच्या आजारांचा कागद माहेरच्या नावाने आणि बाळंतपणाचा सासरच्या नावाने. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी ती एकच बाई आहे असे ते आपणहून सांगत नाहीत. आमच्या नोंदवहीत मात्र स्नानसंस्काराच्या वेळचे तिचे नाव कायम राहते आणि विवाह त्याच्या कडेला लिहिला जातो, म्हणून ती दुभंगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जोडणीच्या या कामात चुका दोन प्रकारच्या होतात. एकाच माणसाची दोन पाने वेगळी राहतात, ही पहिली. दोन माणसांची पाने एकाच वहीत शिवली जातात, ही दुसरी. पहिलीने अज्ञान कायम राहते, आणि ते प्राणघातक ठरू शकते. पण निदान डॉक्टरला आपल्याला माहीत नाही हे माहीत असते, तो विचारतो, चाचणी करतो. दुसरीत डॉक्टरच्या हाती खोटे ज्ञान पडते. दुसऱ्या मेरी डिसोजाचा रक्तगट, दुसऱ्या मेरी डिसोजाची औषधे, आणि खाटेवर मात्र ही मेरी डिसोजा. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. चुकीची जोडलेली नोंद ही अशी खोटी साक्ष आहे, जिचा साक्षीदार कोठेच सापडत नाही.

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील आंधळ्या इसहाकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. या प्रश्नाच्या संदर्भात ती पुन्हा वाचावी. समोर उभा असलेला मुलगा कोणता, हे इसहाकाला ठरवायचे होते. त्याच्यापाशी पुरावे होते: आवाज याकोबाचा, हातांचा स्पर्श एसावाचा, वस्त्रांचा वास एसावाचा. एक पुरावा विरुद्ध, दोन बाजूने. त्याने दोहोंना वजन दिले आणि आशीर्वाद भलत्याच मुलाला गेला. त्या पुराव्यांत स्वतः मुलाचे शब्दही होते, आणि तेही खोटे होते. खरा एसाव आल्यावर इसहाक थरथर कापला, पण दिलेला आशीर्वाद परत घेता येईना. चुकीच्या शिरेत गेलेल्या औषधाचेही असेच असते.

आणि ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या घरातील एक उदाहरण आहे, ते आम्ही टाळणार नाही. लूकच्या सातव्या अध्यायात एक अनाम पापी स्त्री येशूचे चरण अश्रूंनी भिजवते. बेथानीची मरिया, मार्था आणि लाजरस यांची बहीण, ही दुसरी. जिच्यातून सात भुते निघाली आणि जिने पुनरुत्थित प्रभूला प्रथम पाहिले ती मग्दालाची मरिया, ही तिसरी. ५९१ साली पोप महान ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघींना एकच मानले. नाव सारखे, सुगंधी तेलाचा प्रसंग सारखा, म्हणून तीन पाने एका वहीत शिवली गेली. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी त्यांना वेगळेच ठेवले. पश्चिमेत मात्र जवळजवळ चौदाशे वर्षे मग्दालाच्या मरियेच्या माथी दुसऱ्या स्त्रीचे पाप राहिले. चित्रकारांनी तिला मोकळ्या केसांनी रडताना रंगवले, पश्चात्तापी स्त्रियांच्या आश्रमांना तिचे नाव दिले गेले. ग्रेगरी यांच्या मनात द्वेष नव्हता; पाप्याला आशा मिळावी हाच त्यांचा हेतू होता. चुकीच्या जोडणीसाठी वाईट हेतू लागत नाही, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट. १९६९ साली सुधारलेल्या उपासना-पंचांगाने २२ जुलैचा दिवस केवळ पुनरुत्थानाची साक्षीदार असलेल्या मग्दालाच्या मरियेचा ठेवला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात त्याला सणाचा दर्जा मिळाला. आणि २०२१ पासून बेथानीची मरिया २९ जुलैला मार्था व लाजरस यांच्याबरोबर स्मरली जाते. पाने सोडवायला इतका काळ लागला.

योगायोग असा की त्याच १९६९ साली इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर या कॅनडातील दोन संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जोडण्याचे रीतसर गणित मांडले. त्यांच्या गणितात निकाल दोन नसून तीन आहेत: जुळते, जुळत नाही, आणि जुळत असावे. हा तिसरा ढीग यंत्राने आपणहून निकालात काढायचा नाही. तो माणसापुढे ठेवायचा. आम्हांला या सबंध शास्त्रात सर्वांत नैतिक वाटलेली गोष्ट हीच. ‘मला खात्री नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात आहे. दुर्दैव असे की या तिसऱ्या ढिगाला माणसे लागतात आणि माणसांना पगार. काटकसरीच्या दिवसांत रेषा थोडी इकडे सरकवली की ढीग लहान होतो, कारकून वाचतो, आणि ज्यांच्याबद्दल शंका होती ती माणसे कागदावर निःशंक होतात.

येथवर चुकांचा विचार झाला. पण जोडणी अगदी बिनचूक झाली तर? अवघड प्रश्न खरा तेथे सुरू होतो.

जोडणीच्या बाजूने जे बोलायचे ते मनापासून बोलले पाहिजे. आजाऱ्याला दर खिडकीवर आपले दुःख पहिल्यापासून सांगावे लागणे हा एक अपमान आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो; आणि येथे मेंढरू दर कुंपणापाशी स्वतःची ओळख पटवत उभे असते. क्षयरोगाचेच घ्या. ज्याने पूर्वी औषधे अर्धवट सोडली त्याच्या शरीरातील जंतू त्या औषधांना दाद देईनासे झालेले असू शकतात. ही हकिगत नव्या डॉक्टरला न कळता तीच औषधे पुन्हा सुरू झाली, तर रुग्णाचे महिने वाया जातात आणि घरातल्या नातवंडांनाही तोच हट्टी जंतू लागण्याची भीती राहते. क्षयाचा प्रत्येक रुग्ण शासनाला कळवण्याचे बंधन २०१२ साली आले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही नोंदव्यवस्था सुरू झाली. त्यामागचे कारण कोणाही सुज्ञ माणसाला पटेल असेच आहे.

पण त्याच क्षयरुग्णाच्या मुलीला स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती नोंद दिसावी काय? विमा कंपनीला? त्याला नोकरी देणाऱ्याला? आपल्या गावांत आजाराची बातमी वाऱ्यापेक्षा लवकर पसरते, आणि मनाच्या आजाराची तर त्याहूनही लवकर. जोवर पाने विखुरलेली होती तोवर ती विखुरलेली असणे हेच गरिबाचे संरक्षण होते. एका गावात झालेली दारूमुक्तीची चिकित्सा दुसऱ्या गावात कोणाला ठाऊक नसे, आणि तेथे तो माणूस नवे आयुष्य उभे करू शके. बांधलेली वही हे दार बंद करते.

येथे ख्रिस्तसभेची शिस्त उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. नोंदवहीच्या कडेला संस्कार लिहिले जातात, पापे कधीच नाहीत. प्रायश्चित्त संस्काराला वही नाही. कॅनन लॉच्या ९८३ व्या कलमाने पापनिवेदनाची गुप्तता अभंग ठेवली आहे, हे सर्वांस माहीत आहे. पुढचे ९८४ वे कलम तितके माहीत नाही. ते सांगते की पापनिवेदनातून मिळालेले ज्ञान पश्चात्ताप्याचे अहित होईल अशा रीतीने वापरायचे नाही, मग गुपित फुटण्याची मुळीच भीती नसली तरीही. आणि जो अधिकारपदावर आहे त्याने ते बाह्य कारभारासाठी कोणत्याही प्रकारे वापरायचे नाही. गुपित न फोडणे ही एक गोष्ट झाली. ज्या कामासाठी सांगितले त्याव्यतिरिक्त ते न वापरणे ही दुसरी, आणि अधिक कठीण. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट बरे होण्यासाठी सांगितलेली असते. ती बाहेर न फुटताही वसुलीसाठी, निवडीसाठी, दर ठरवण्यासाठी वापरली गेली, तर विश्वासघात झालाच. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने चालला आहे. २०१७ साली झालेल्या एचआयव्ही व एड्ससंबंधीच्या कायद्याने रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास काही अपवाद वगळता मनाई केली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

मात्र विस्मरण म्हणजे नेहमी दया, असे म्हणून मोकळे होता येत नाही. एका ठिकाणी बालकांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूची दुसऱ्या धर्मग्रामात मुकाट्याने बदली झाली, आणि तेथील कुटुंबांना मागचे पान दाखवले गेले नाही, असे अनेक देशांत घडले. २०१९ च्या फेब्रुवारीत रोममध्ये भरलेल्या परिषदेत कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी अशा कृत्यांचे दस्तऐवज नष्ट केले गेले किंवा तयारच केले गेले नाहीत, असे उघडपणे सांगितले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी या प्रकरणांपुरती धर्मपीठाची गुप्तता उठवली. धर्मगुरू म्हणून हे लिहिताना मान खाली जाते, पण या विषयात ते गाळले असते तर आमचे पुढचे बोलणे ऐकण्याच्या लायकीचे राहिले नसते. ज्याच्या हाती दुसऱ्यांवरची सत्ता आहे त्याच्या कृत्यांची पाने जोडलीच पाहिजेत. जो खाटेवर पडला आहे त्याच्या देहाची पाने त्याला विचारून जोडावीत. दोघांनाही ‘गोपनीयता’ हा एकच शब्द लावला की सबळ निर्बलाच्या आड लपतो.

‘त्याला विचारून’ असे आम्ही लिहिले खरे. भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. कागद ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने ते एकमेकांशी जोडून दाखवले जातात, अशी त्याची रचना आहे. कागदावर ही रचना चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. नावांच्या घोळापेक्षा क्रमांक बरा. बस्त्याव आणि सेबेस्टिन यांचा झगडा त्याने मिटतो. पण पोटात कळ येत असताना, मागे चाळीस माणसांची रांग असताना, मोबाइलवर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे संमती काय? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले की मानवी कृती म्हणायची तर ज्ञान हवे आणि स्वातंत्र्य हवे. त्या म्हाताऱ्या बाईपाशी त्या घटकेला दोन्ही नसतात. मग पुष्कळदा तो मोबाइलही तिचा नसतो, मुलाचा किंवा सुनेचा असतो, आणि तिचे सारे आजार आधी त्यांच्या हाती येतात.

शिवाय एकत्र बांधलेली वही एकदम हरवते. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले.

तेव्हा कुटुंबांनी काय करावे, असे आम्हांला विचारले जाते. आमची समजूत अशी. पाने जोडावीत, पण आधी घरी. प्रत्येक आजाऱ्याची एक फाईल असावी. तिच्यावर नाव स्नानसंस्काराच्या दाखल्यावर आहे त्याच अक्षरांत असावे, बाईच्या फाईलवर माहेरचे नावही असावे. न सोसणारी औषधे आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया पहिल्या पानावर असाव्यात. ‘आभा’ क्रमांक घ्यायचा तर घरी शांतपणे बसून, आजीआजोबांना समजेल अशा भाषेत सांगून घ्यावा, खिडकीवर नव्हे. दुसऱ्याचीच माहिती आपल्या कागदात आलेली दिसली तर डॉक्टरांपुढे संकोच न करता बोलावे. आणि फाईल कोणी उघडायची हे घरातील कर्त्याने नव्हे, ज्याचा देह आहे त्याने ठरवावे. ही शेवटची गोष्ट आपल्या कुटुंबांत सर्वांत अवघड जाते. मुले प्रेमापोटीच बापाचे निदान बापापासून लपवतात आणि शेजाऱ्यांना सांगतात.

एक गाठ मात्र आम्हांला अजून सुटलेली नाही. माणूस गेल्यावर त्याची वही कोणाची? पापनिवेदनाची मुद्रा पश्चात्ताप्याच्या मृत्यूनेही तुटत नाही. पण आईला झालेला स्तनाचा कर्करोग मुलीला आधी कळला तर ती वेळेवर तपासणी करून घेईल, आणि आईने तो अखेरपर्यंत कोणालाही सांगू नये असे डॉक्टरांकडून वचन घेतलेले असेल. आईचे पान आणि मुलीचे पान येथे एकाच रक्ताने जोडलेले आहे. गेल्या वर्षभरात दोन कुटुंबांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा मुलीला कळावे या बाजूने आम्ही बोललो, आणि दोन्ही वेळा डॉक्टर गप्प बसले.